उंदीर हलका, पिंजरा जड

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा आग्रह आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी केला, तेव्हा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी एखादा विषय घ्यावा असे प्रथम मनात आले. त्या विषयांवर आपल्यातील अधिकारी व्यक्ती दरवर्षी लिहितात आणि माझ्यापेक्षा चांगले लिहितात. मला मात्र गेले वर्षभर एक साधासा केसपेपर अस्वस्थ करीत आहे. वैद्यकशास्त्राच्या ज्या कोपऱ्याकडे आपण डॉक्टर मंडळी सहसा पाहत नाही, त्या कोपऱ्यातला तो आहे. म्हणून त्याविषयीच चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

नवागामातील माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ येत असत. वय पंचेचाळीसच्या आसपास, मूळचे नंदुरबारकडचे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसारखेच तापी लाइनने येऊन येथे स्थिरावलेले. तक्रार उजव्या खांद्याची. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, हात वर जात नाही, आणि सकाळी बोटांना मुंग्या येतात. मी तपासले, वेदनाशामक लिहून दिले, शेक सांगितला. महिन्याने ते पुन्हा आले. मी गोळी बदलली. तिसऱ्यांदा आले तेव्हा मात्र मनाशी ओशाळलो आणि जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो विचारला : "दादा, तुम्ही नेमके काय काम करता?" केसपेपरवर 'नोकरी' एवढाच शब्द होता.

ते म्हणाले, "कंपनीत उंदीर सांभाळतो, डॉक्टरसाहेब."

औषधनिर्मितीशी संबंधित एका प्रयोगशाळेच्या ॲनिमल हाऊसमध्ये ते कंत्राटदारामार्फत कामाला होते. मी सहज हसून म्हणालो, "उंदराचे असे किती वजन असणार?" त्यावर त्यांनी दिलेले उत्तर मी अजून विसरलो नाही : "उंदीर हलकाच असतो हो. त्याचे घर जड असते."

मग त्यांनी आपला दिवस सांगितला. मोठ्या पांढऱ्या उंदरांचे पिंजरे लोखंडी मांडणीवर एकावर एक रचलेले असतात. सर्वांत खालची फळी घोट्याच्या वर थोडी, सर्वांत वरची कपाळाच्याही वर. प्रत्येक पिंजऱ्यात तूस किंवा मक्याच्या कणसाचा चुरा, वर पोलादी जाळीचे झाकण, त्यात खाद्य, पाण्याची भरलेली बाटली आणि तीन मोठे उंदीर. सगळे मिळून साडेचार-पाच किलो. सकाळच्या साडेतीन तासांत असे दोनशे पिंजरे बदलायचे. जुना पिंजरा ओढून काढायचा, टेबलावर ठेवायचा, झाकण उघडायचे, उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात सोडायचे, बाटली बदलायची आणि नवा पिंजरा पुन्हा त्याच फळीवर सरकवायचा. दुपारी मळलेला चुरा खरवडून पोत्यात भरायचा, पिंजरे धुवायचे, ते निर्जंतुक करण्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये चढवायचे. बाटल्यांची रबरी बुचे चिमटीने ओढून काढायची ती वेगळीच.

वाचकहो, कागद-पेन्सिल घेऊन गणित करून पाहावे. साडेचार किलोचा पिंजरा, दोनशे पिंजरे, प्रत्येकासाठी किमान दोनदा उचल. एका सकाळी अठराशे किलो होतात. जवळजवळ दोन टन वजन हा माणूस रोज हातांनी हलवीत होता आणि मी त्याला उंदराचे वजन विचारीत होतो!

येथे कोणी म्हणेल, पाच किलो म्हणजे ते काय? आमच्या कापड बाजारातले हमाल याहून कितीतरी जड गाठी वाहतात. हा आक्षेप मलाही सुचला होता, म्हणून थोडे वाचन केले. अमेरिकेतील 'नायोश' या व्यावसायिक आरोग्यविषयक संस्थेने १९९१ साली सुधारलेले वजन उचलण्याचे एक सूत्र जगभर वापरले जाते. त्यात सर्वाधिक मर्यादा २३ किलो धरली आहे. पण ती केव्हा? वजन शरीरापासून २५ सेंटिमीटरवर, जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर, दोन्ही हातांत नीट धरलेले आणि उचल क्वचितच करायची असेल तेव्हा. यातील एकेक अट मोडली की मर्यादा गुणाकाराने खाली येते.

आमच्या या दादांची वरची फळी घेऊ. तिची उंची १७५ सेंटिमीटर धरू. पिंजरा फळीवर आत सरकवायचा असल्यामुळे हात लांब जातो. शरीरापासूनचे अंतर ५० सेंटिमीटर झाले की २३ चे साडेअकरा किलो झाले. उंचीमुळे ते आठ किलोवर येतात. फळीपासून टेबलापर्यंत सुमारे एक मीटर वर-खाली करावे लागते म्हणून सात उरतात. आणि मिनिटाला दोन या गतीने दोन तासांहून अधिक काळ हे चालू ठेवायचे, म्हणून अखेर हाती येतात साडेचार किलो. म्हणजे वरच्या फळीपुरते पाहिले तर आपला साडेचार-पाच किलोंचा पिंजरा मर्यादेवर किंवा मर्यादेच्या पलीकडे आहे! पुन्हा हे सूत्र एका हाताच्या उचलीला, ओल्या निसरड्या जमिनीला किंवा ऑटोक्लेव्हजवळच्या उष्म्याला लागूच होत नाही. तेथे मर्यादा याहूनही कमी समजावी लागेल. हमालाचे ओझे डोळ्यांना दिसते, म्हणून आपल्याला त्याची कीव येते. पिंजऱ्याचे ओझे सुटे-सुटे होऊन येते, म्हणून ते कोणालाच दिसत नाही.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात नवल काहीच नाही. हात खांद्याच्या वर गेला की सुप्रास्पायनेटस स्नायूचा कंडरा हाडांच्या मधल्या अरुंद जागेत दाबला जातो. दिवसातून शेकडो वेळा दाबला गेला तर तो सुजतो, झिजतो, प्रसंगी फाटतो. चिमटीने बुचे ओढल्याने आणि मनगट वाकवून चुरा खरवडल्याने मनगटातील मज्जातंतूवर दाब येतो व बोटांना मुंग्या येतात. खालच्या फळीसाठी वाकून, त्याच अवस्थेत अंग वळवल्याने कंबर जाते. हे सारे आपण द्वितीय आणि तृतीय वर्षात शिकलो आहोत. शिकलो नाही ते एवढेच, की या कंडऱ्याचे दुखणे फळीच्या उंचीवर ठरते आणि ती फळी लोहाराने वेल्डिंग करताना ठरते.

हा विषय डॉक्टरांच्या स्मरणिकेत का, असे कोणास वाटेल. माझे उत्तर असे, की या लोकांचे आपल्या व्यवसायावर ऋण आहे, आणि सुरतकरांवर तर विशेष आहे.

सप्टेंबर १९९४ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. आपल्या वस्त्यांतील घरांनाही कुलपे लागली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी रांगा लागल्या. मी त्या वेळी व्यवसायात नवखा होतो. प्लेग उंदरावरील पिसवांमुळे होतो हे ज्ञान तेव्हा आपल्या हाताशी होते, म्हणून निदान काय करावे हे तरी कळत होते. परंतु हे ज्ञान आले कोठून?

ते बरेचसे मुंबईतील परळहून आले. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. याच परळच्या आवारात १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने जे प्रयोग केले, त्यांतून उंदराच्या पिसवांची भूमिका निर्विवादपणे सिद्ध झाली. त्या प्रयोगांचे सारे मर्म पिंजऱ्याच्या रचनेत होते. काही पिंजऱ्यांना पिसू आत शिरू शकणार नाही इतकी बारीक जाळी लावली होती, तर शेजारचे पिंजरे उघडे होते. जाळीच्या आतले प्राणी वाचले, उघड्यावरचे प्लेगने मेले.

पिंजरा हे केवळ खोके नसून ते एक शास्त्रीय उपकरण आहे, हे त्या मंडळींनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. जाळीचे छिद्र पिसवेच्या मापाने आखले गेले. परंतु तो पिंजरा रोज उचलणाऱ्या, धुणाऱ्या, मेलेला उंदीर बाहेर काढणाऱ्या माणसाच्या हाताचे माप कोणी घेतले होते काय? आयोगाच्या शास्त्रज्ञांची नावे ग्रंथांत आहेत. पिंजरे वाहणारे हात कोणाचे होते हे आपल्याला ठाऊक नाही. परळचा परिसर लक्षात घेता त्यांतील काही हात तरी कोकणातले, घाटावरचे, म्हणजे मराठीच असावेत असे मानायला हरकत नाही.

आज परिस्थिती काय आहे? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे. तिची मार्गदर्शक तत्त्वे मी आदराने वाचली. ती बारकाईने लिहिलेली आहेत. २५ ग्रॅमपर्यंतच्या लहान उंदरामागे ७७.४ चौरस सेंटिमीटर जागा हवी. दशांशापर्यंत माप दिले आहे! खोलीचे तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस, आर्द्रता ३० ते ७० टक्के, तासाला १२ ते १५ वेळा हवा बदलली जावी, हेही त्यात आहे. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, त्यांची स्वच्छता, त्यांचे आरोग्य यांचाही उल्लेख आहे. परंतु प्राण्याच्या बाजूने जितकी काटेकोर मापे दिली आहेत, तितकी माणसाच्या शरीराच्या बाजूने दिलेली दिसत नाहीत. उंदराला किती जागा, हे ठरले आहे. माणसाचा हात किती उंच जावा, हे ठरलेले नाही. उंदराचे माप कमी करा असे मी मुळीच म्हणत नाही. त्याच पानावर माणसाचेही माप लिहा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्या वैद्यकीय जगातही हीच उणीव आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातील तिसऱ्या अनुसूचीत सक्तीने कळवावयाच्या व्यवसायजन्य रोगांची यादी होती. शिसे, पारा, सिलिकोसिस, आवाजाने येणारे बहिरेपण असे सारे त्यात होते. खांदा, कंबर आणि मनगट यांच्या झिजेला मात्र त्या यादीत स्थान नव्हते. जे यादीत नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते नाहीच असे समजले जाते.

काही सहकारी असेही म्हणतील, की प्राण्यांवरचे प्रयोगच आता कमी होत आहेत. हे खरे आहे आणि स्वागतार्हही आहे. १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी प्राण्यांना पर्याय शोधा, त्यांची संख्या घटवा आणि त्यांचे क्लेश कमी करा ही त्रिसूत्री मांडली. आपल्या देशातही २०२३ साली नव्या औषधांविषयीच्या नियमांत प्राण्यांऐवजी अन्य चाचण्यांना वाव देण्यात आला. परंतु जोवर एक तरी पिंजरा आहे, तोवर तो उचलणारा माणूस आहे. शिवाय दुखऱ्या हाताचा परिणाम प्राण्यावरही होतो. लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवून दिले, की शेपटीने उचललेले उंदीर अधिक भेदरलेले राहतात. ओंजळीत किंवा नळीतून उचलले तर शांत राहतात. घाईत असलेला, खांदा ठणकणारा माणूस ओंजळ कशी करणार? तो शेपटीच धरणार. भेदरलेल्या उंदरावर केलेल्या प्रयोगाचे आकडे आपल्यापर्यंत येतात आणि त्यांच्या आधारे आपण रुग्णाला गोळी देतो. म्हणजे त्या खांद्याचे दुखणे फिरून आपल्या प्रिस्क्रिप्शनपर्यंत येते.

मग उपाय काय? तो महागडाच असला पाहिजे असे नाही. परदेशी बनावटीची उंची कमी-जास्त होणारी पिंजरा बदलण्याची टेबले, आपोआप पाणी देणाऱ्या नळ्या ही साधने उत्तम आहेत. ज्यांना परवडतात त्यांनी ती अवश्य घ्यावीत. पण पैसा न लागणारेही पुष्कळ आहे. भरलेले पिंजरे कमरेपासून छातीपर्यंतच्या फळ्यांवर ठेवावेत. सर्वांत वर आणि सर्वांत खाली रिकामे किंवा हलके सामान असावे. टेबलाची उंची पायडलने वर-खाली करता येईल अशी चाकांची गाडी असावी, म्हणजे पिंजरा उचलावा न लागता फळीवरून सरळ तिच्यावर सरकेल. आपल्या उधन्यातील कोणताही चांगला फॅब्रिकेटर अशी गाडी बनवून देईल. बाटल्या सुट्या न वाहता लहान क्रेटमध्ये असाव्यात. खाद्य मोठ्या पोत्यांऐवजी लहान पिशव्यांत मागवावे. खरवडण्याच्या पट्टीला मूठ जाड व लांब असावी. आणि एकच माणूस सबंध सकाळ पिंजरे न बदलता, तासाभराने धुण्याच्या किंवा नोंदी ठेवण्याच्या कामावर जावा.

मापेही परदेशातून उसनी आणण्याची गरज नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय स्त्री-पुरुषांच्या शरीरमापांचे पुस्तक प्रसिद्ध केले आहे. व्यवसायजन्य आरोग्याची राष्ट्रीय संस्थाही अहमदाबादलाच आहे. दोन्ही आपल्या राज्यातच आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, साधन बनवण्यापूर्वी ते वापरणाऱ्याला विचारावे. कोणती फळी दुखते हे त्याच्याइतके कोणत्याही तज्ज्ञाला ठाऊक नसते.

आता त्या केसपेपरकडे परत येतो, कारण मुख्य गोष्ट सांगावयाची राहिली आहे.

सारे ऐकल्यावर मी उत्साहाने कंपनीच्या नावे चिठ्ठी लिहावयास घेतली : 'यांना खांद्याच्या वरचे काम देऊ नये.' त्यांनी हळूच माझ्या पेनावर हात ठेवला. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चिठ्ठीत कामाचे लिहू नका. कंत्राटदार दुसरा माणूस आणेल. पोरगी बारावीला आहे." मी क्षणभर थांबलो आणि 'ताप, विश्रांती सात दिवस' असे लिहून दिले. ताप नव्हता. खोटे लिहिले याची खंत आहेच. पण त्याहून मोठी खंत ही, की त्या खोट्या चिठ्ठीने एक खरा रोग नोंदीतून पुसला गेला. असे किती खांदे माझ्याच हातून 'ताप' झाले असतील, कोण जाणे. पुढे त्यांनी ती नोकरी सोडली. गणेशोत्सवात आरतीला ते भेटले, तेव्हा टाळ्या वाजवताना त्यांचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता.

एकट्या डॉक्टरने एकट्या कामगारासाठी चिठ्ठी लिहिली की त्या कामगाराची नोकरी धोक्यात येते. म्हणून हे काम एकट्याने करण्याचे नाही, मंडळाने करण्याचे आहे. मला नम्रपणे तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली : आपण सर्वांनी केसपेपरवर 'नोकरी' किंवा 'मजुरी' असे न लिहिता नेमके काम लिहावे. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली आपल्या ग्रंथात सांगितले होते, की रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नांत 'तुझा व्यवसाय कोणता?' या प्रश्नाची भर घाला. तीनशे वर्षांनंतर तरी आपण तो विचारू या. दुसरी : या नोंदी रुग्णाचे नाव वगळून मंडळाकडे वर्षातून एकदा एकत्र कराव्यात. तिसरी : त्या नोंदींच्या आधारे मंडळाने आपल्या नावे मालकांना, कंत्राटदारांना आणि संस्थांना पत्र लिहावे; त्यात कोणाही एका कामगाराचा उल्लेख नसावा, फक्त फळीची उंची, ओझे आणि उपाय असावेत. वैयक्तिक चिठ्ठीने जे होणार नाही, ते कदाचित अशा पत्राने होईल.

आणि यात ॲनिमल हाऊसच्या मोजक्या कामगारांचेच हित आहे असे नाही. जे गणित पिंजऱ्याला लागू आहे तेच लूमवर वाकणाऱ्या कारागिराला, एम्ब्रॉयडरीच्या यंत्रावर दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या मुलाला आणि बाजारात पार्सल चढवणाऱ्या भावाला लागू आहे. नवागाम-डिंडोलीच्या आपल्या वस्तीत त्यांतला कोणी ना कोणी प्रत्येक घरात आहे. बारक्या ओझ्याचा प्रश्न आधी समजला, तर मोठ्या ओझ्याचाही समजेल.

आपण सारे औषधे लिहितो. त्या प्रत्येक औषधामागे कोठेतरी एक पिंजरा उचलला गेलेला असतो. तो किती उंच उचलावा लागला, हे विचारणे आपले कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते. मंडळाच्या पुढील सभेत या विषयाला दहा मिनिटे मिळावीत, ही विनंती करून लेखणी थांबवतो.